चौतीस अंश

नळीत दोन द्रव आहेत, पाणी आणि ल्युटिडीन.
तेहतीस अंशांवर विचाराल तर एकच आहे:
एवढा नितळ की पलीकडची खिडकी दिसते,
खिडकीतला सागरमाळ, माळावरचं वाळकं गवत.
चौतीसच्या पुढे गेलात की दोघं घर वाटून घेतात.
मुजावर मॅडमना वाटणीत रस नाही.
त्यांना अलीकडचं हवं,
अर्धा अंश अलीकडचं,
भांडण अजून शेजाऱ्यांना ऐकू गेलेलं नसतं तेव्हाचं.

मी तिथला हरकाम्या. बावीस वर्षं काच धुतो.
म्हणून मला ठाऊक आहे,
त्या नळीत तिसरंही कुणी आहे.
वाळूच्या जातीचे कण, पण वाळू म्हणू नका,
केसाच्या जाडीवर शंभरेक ओळीने बसतील.
सगळ्यांच्या अंगावर सारखाच भार,
त्यामुळे जो तो दुसऱ्याला म्हणतो, जरा सरक.
सरकत, थरथरत नळीभर हिंडतात.
एका जागी दोघं टिकत नाहीत.

मग मॅडम तापमान वाढवतात,
अंशाचा दहावा भाग, पुन्हा तेवढाच,
आणि कणांना आठवतं की आपला जीव ल्युटिडीनवर आहे.
पाणी रग्गड, ते थोडकं.
ज्याला मिळालं त्याने अंगाला लपेटून घेतलं,
शाल नव्हे, शालीची किनार.
किनारीला किनार लागली
की मधलं अंतर कुणाच्याच नावावर राहत नाही.
नळी दुधाळते.

आण्णा गुळव्या होते, वडणग्याच्या गुऱ्हाळात.
रसाला उकळी फुटली की रानभेंडीचा चीक कढईत सोडायचे.
हिरवट काळी मळी गोळा होऊन वर यायची
आणि मी झारा घेऊन वाफेत उभा, डोळे चुरचुरत.
"मळीला बोलवावं लागतंय," म्हणायचे,
"ती आपणहून एक हुत न्हाई."
हे मी मॅडमना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.
"रस निवला की मळी परत त्यात मिसळते का?"
मला हसू आलं. मळी खड्ड्यात जाते, मॅडम.
"ही मिसळते," त्या म्हणाल्या.
"गार करा, सगळे सुटे. कधी भेटलेच नव्हते असे."

जानेवारीतल्या एका रात्री वीज गेली.
टाकीतलं पाणी निवत चाललं.
बॅटरीवरच्या पडद्यावर गोळा उसवू लागला,
आधी कडेचे, मग आतले,
कुणी कुणाचा निरोप घेत नव्हतं.
आठ तासांचं काम.
मॅडमनी नळी बाहेर काढली आणि सरळ मुठीत धरली.
माणसाचं अंग सदतीस, मूठ जरा कमी.
मी टॉर्च मारला. बोटांच्या फटींतून
हळूहळू, दूध.
"हे शास्त्रात बसत नाही," म्हणाल्या,
आणि मूठ सोडली नाही.
त्यांचा हात गार पडला तेव्हा नळी मी घेतली.
मध्ये हातमोजा होता, तरी कळत होतं
की आत काहीतरी माझ्या भरवशावर आहे.

वीज आली. वहीत नोंद झाली: नमुना बाद.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर अजून एक म्हैस उभी होती.
भोवती सातआठ माणसं, कानाला मफलर,
एकाच्या हातात रिक्षाची किल्ली,
एक दवाखान्यातून आलेला, मनगटावर पट्टी तशीच.
कुणी कुणाच्या ओळखीचा नव्हता
आणि खांद्याला खांदा लागला तरी कुणी सरकत नव्हता.
धारेचा आवाज ग्लासात बसका होत गेला. फेस वर आला.
पिऊन झालं, मिश्या पुसल्या,
ज्याने त्याने गाडीला किक मारली.
पाच मिनिटांत कट्टा मोकळा.

बोटांना ल्युटिडीनचा वास होता, दुधालाही लागला.
मी ग्लास दोन्ही मुठींत धरून उभा.
"पावणं," गवळी म्हणाला, "ग्लास सोडा की."